आधी दोन प्रती

"आधी दोन प्रती, मग हात लाव."

दादाचं हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि संकलनाच्या खोलीत तिला बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. उपड्या ठेवलेल्या पेटीवर बसून ती काम शिकत होती. दादा शूटिंगवरून यायचा, खांद्यावरची जड पिशवी उतरवायचा, त्या दिवशी गोळा केलेला आवाज ज्यात असे ते नखाएवढं कार्ड तिच्या तळहातावर ठेवायचा आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटवून मग हे वाक्य म्हणायचा. एक प्रत कपाटातल्या डिस्कवर, एक तुझ्या मशीनवर. कपाटातल्या प्रतीकडे ढुंकून बघायचं नाही. तुझ्याकडच्या प्रतीचे हवे तेवढे धिंडवडे काढ.

तिने त्याचा नेम केला. कुणी उठल्याबरोबर पोथी वाचतं, कुणी अमुक केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. तशी ती दोन प्रती झाल्याशिवाय चहाचा पहिला घोटसुद्धा घेत नसे. अंगात ताप असो, बाहेर वीज गेलेली असो, मास्तर डोक्यावर उभे राहून घाई करत असोत. वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. नेमाचं असंच असतं, पाळला जातो तोवर तो आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

स्टुडिओत या बहीणभावांना नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'कान' आणि ती 'कात्री'. कानाने आणायचं, कात्रीने कापायचं. मास्तर म्हणजे दिग्दर्शक. पूर्वी कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मास्तर. त्यांच्या सगळ्या चित्रपटांना हीच दोघं. मास्तर म्हणत, माझे डोळे भाड्याचे चालतील, कान आणि कात्री मात्र घरचीच पाहिजे.

दादा तिला घरी 'ठमे' म्हणायचा. लहानपणी ती फुगून बसायची त्यावरून. तिच्या बेचाळिसाव्या वर्षीही तो भर स्टुडिओत, चार माणसांसमोर, "ठमे, चष्मा डोक्यावर आहे, टेबलाखाली काय शोधतेस" असं म्हणे आणि ती खोटं खोटं रागावे.

हा चित्रपट अंतराळातला होता. सोळा माणसांना गाढ झोपवून कुठल्यातरी दूरच्या ग्रहाकडे पाठवलेलं असतं. वाटेत त्यातला एकजण वेळेआधी जागा होतो आणि यानात आपण एकटेच जागे नाही, एवढंच त्याला कळतं. पुढचे दोन तास तो दुसरा कोण, ही भीती. गोष्ट वाचून दाखवण्याच्या दिवशी मास्तरांनी पहिलं पान उलटलं आणि म्हणाले की या पानावर काहीच लिहिलेलं नाही, कारण पहिली चार मिनिटं पडद्यावर काहीच नाही. काळोख. संगीत नाही, नावं नाहीत. फक्त हेल्मेटच्या आत घेतलेला श्वास.

निर्माते खुर्चीत पुढे सरकले. त्यांना यान बाहेरून हवं होतं. मागे मोठा निळा ग्रह, तारे, पैसे दिसले पाहिजेत पडद्यावर. चार मिनिटं पडदा काळा ठेवलात तर लोक मशीनवाल्याच्या नावाने शंख करतील, म्हणाले.

"करू देत की," मास्तर म्हणाले. "शंख करण्यात त्यांची दोन मिनिटं जातील. तिसऱ्या मिनिटाला घाबरतील."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. यान बाहेरून दाखवलं की प्रेक्षक रेलून बसतो. आपण कुठे आहोत, ते त्याला कळलेलं असतं. काळोखात बसवलं तर तो आपोआप त्या श्वासाशी आपला श्वास जुळवायला लागतो. दोन मिनिटांत तो आणि पडद्यावरचा न दिसणारा माणूस एक होतात. तेवढ्यात कुठेतरी बारीक टक् असा आवाज होतो. तो माणूस श्वास रोखतो. प्रेक्षकही रोखतो. आणि श्वास मात्र ऐकू येतच राहतो.

 कॅमेरावाल्याने स्वतःच्या दंडावरून हात फिरवला. निर्माते पुन्हा खुर्चीत मागे टेकले.

त्यानंतर पहिलं चित्र. तेही चेहरा नव्हे, दारही नव्हे, दाराच्या खिळीवर साचलेलं दव. इतक्या जवळून की डोंगरावरचं बर्फ वाटावं. कॅमेरा सावकाश फिरतो आणि आपण खाली समजत होतो ते वर होतं, हे कळतं. चित्रपटाचं नाव त्याच्याही नंतर.

अडचण एकच होती. काळोखात दोन श्वास वेगळे ओळखू यायचे तर त्यातल्या एकाला काहीतरी खूण हवी. मास्तरांनी दादाकडे बोट केलं. खरं तर त्यांना सगळी कल्पनाच दादाच्या शेजारी उभं राहून सुचली होती. दादाच्या श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजे. लहानपणापासूनची. किटलीतलं पाणी उकळायच्या आधी जरासं कुजबुजतं, तशी. फुप्फुसांच्या दुखण्याने गेल्या दोन वर्षांत ती जाड झाली होती, डॉक्टरांचा चेहराही तितकाच जड होत चालला होता. दादा मात्र म्हणाला, जन्मभर दुसऱ्यांचे आवाज गोळा केले, जाता जाता माझंही नाणं वाजू दे.

ठरलं. शिट्टीचा श्वास दादाचा. दुसरा, साधा, कोरडा, तिचा.

ती दोघं घरी आली आणि दादाने आईला हे सांगितलं, तेव्हा आई किती दिवसांनी मोठ्याने हसली. आईची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. लहानपणी ही दोघं लपाछपीत कपड्यांच्या कपाटात लपायची. तो तिच्या तोंडावर हात ठेवायचा, हलू नकोस, श्वास घेऊ नकोस. आई नुसती खोलीच्या मध्ये येऊन उभी राहायची. शोधायची नाही, ऐकायची. मग सरळ कपाटाशी येऊन दार उघडायची. दर वेळी त्याच्याच शिट्टीने दोघं सापडायची आणि तो मात्र ठमीच हसली म्हणून तिच्यावर आळ घालायचा.

तिचा श्वास आधी टिपून झाला. त्याच्या प्रती दादाने स्वतःच केल्या. पुढच्या आठवड्यात सामानाच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, डोक्यावर ते फायबरचं हेल्मेट घालून दादा स्टुलावर बसला. ती दार आतून धरून उभी होती, वाऱ्याने करकरू नये म्हणून. त्याने स्वतःच नेहमीसारखं सुरुवातीला सांगितलं, "हेल्मेट, श्वास, टेक एक." मग अकरा मिनिटं तो श्वास घेत होता. एवढ्या जवळून, एवढा वेळ, दुसरं काहीही न करता तिने त्याचा श्वास कधी ऐकला नव्हता. शेवटी "बास, पुष्कळ झालं" म्हणून त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते.

कार्ड तिच्या तळहातावर ठेवून, मूठ मिटवून तो तेच वाक्य म्हणाला आणि जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो म्हणून बाहेर गेला.

ती खोलीत येऊन बसली. कार्ड लावलं. मशीनवर एक प्रत उतरली. कपाटातली डिस्क आणायला ती उठली तेवढ्यात फोन वाजला. फाटकावरचा माणूस होता. दादा फाटकाशीच खाली बसला होता, तिथेच आडवा झाला होता, मास्तर त्याला गाडीत घालून दवाखान्यात निघाले होते. तुम्ही येऊ नका अजून, कुठे दाखल करतात ते कळलं की पाचव्या मिनिटाला फोन करतो, असा मास्तरांचा निरोप होता.

पाच मिनिटांची बारा झाली. ती फोनसमोर बसली होती. जीव टांगणीला लागलेला आणि हात मोकळे. वीस वर्षं ज्यांना मोकळं बसायची सवय नाही असे हात. दररोज सकाळी नव्या आवाजाला ते पहिल्यांदा जे करतात, तेच त्यांनी केलं. तिच्या मशीनवर एक कळ होती. ती दाबली की माणसाच्या बोलण्याव्यतिरिक्त जे जे असेल ते मशीन काढून टाकतं. पंख्याची घरघर, कपड्यांची सळसळ, दोन वाक्यांमधले श्वास. आणि साफ झालेला आवाज जुन्याच्या जागी ठेवून देतं. जुना उरत नाही. त्यासाठीच तर दोन प्रती.

फोन आला. तिने कार्डाच्या चिठ्ठीवर, दोन प्रती झाल्या की करायची ती नेहमीची बरोबरची खूण केली, कार्ड ट्रेमध्ये टाकलं आणि पळाली. ट्रेमधली कार्डं संध्याकाळी पुसून दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगला जातात. सामानाच्या बाईंनी चिठ्ठीवरची खूण बघितली आणि पुसली. त्यांचं काय चुकलं?

दादा पुढे चार दिवस होता. दुसऱ्या दिवशी ती तासाभरासाठी स्टुडिओत येऊन गेली. प्रत एकच झाली आहे एवढं तिला आठवत होतं. मशीनवर जे होतं त्याची तिने न ऐकता, उभ्या उभ्या दुसरी प्रत केली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. देवा, निदान हे तरी राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर नळीचा मास्क होता. बोलता येत नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली. तिनेही दोन बोटं दाखवली. त्याने डोळे मिटून मान हलवली.

त्याच दुपारी आईला आणलं. थोडा वेळ मास्क काढू दिला. आईचा हात छातीवर घेऊन तो म्हणाला, पहिल्या दिवशी पहिला खेळ, मधली रांग, कडेची नको, कडेला आवाज एका बाजूनेच येतो.

"मला घेऊन काय करणार थिएटरात?" आई म्हणाली.

"पहिली चार मिनिटं कुणालाच काही दिसणार नाहीये, आई. तू आणि सगळे सारखेच. सगळ्यांच्या आधी तुलाच कळेल कोण आहे ते."

"येईन," आई म्हणाली. "शब्द दिला. आता बोलू नकोस, धाप लागते तुला."

तो गेला त्यानंतर सतराव्या दिवशी ती कामावर परतली. मास्तरांनी सुट्टी वाढवून दिली होती, तिनेच नको म्हटलं. घरात बसण्यापेक्षा त्याचा श्वास ऐकत बसणं बरं, असं तिला वाटलं होतं. खोलीचं दार लावून तिने हेडफोन घातले आणि ती फाइल उघडली.

पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बोलणं असेल तर डोंगररांगेसारखी, श्वास असेल तर लहान लहान टेकड्यांसारखी. इथे अगदी सुरुवातीला एक डोंगर होता, अगदी शेवटी एक. मध्ये अकरा मिनिटं सरळ रेघ.

"हेल्मेट, श्वास, टेक एक," दादा म्हणाला.

आणि काही नाही. गाद्यांच्या खोलीतला दबका अंधारही नाही. मशीनने सगळं नीट पुसलं होतं. तिने हात आखडला नाही, पुढे सरकवलं नाही. अकराही मिनिटं ऐकली.

"बास, पुष्कळ झालं," दादा म्हणाला.

तिने कपाट उघडून दुसरी प्रत लावली. प्रती दोन होत्या. दोन्ही सारख्याच रिकाम्या.

मशीनमधून गेलेलं परत काढून देणारा एक माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान मांडून बसला होता. ती डिस्क आणि कार्ड घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने दोन तास खटाटोप केला. बिचारा बोलायला चांगला होता. ताई, उडालेलं मिळतं, म्हणाला; ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं ते मिळत नाही. कार्डावर दुसऱ्या दिवशीचं शूटिंग होतं. यानाचं दार उघडतं आणि बंद होतं, असे एकोणीस टेक.

मग तिने जुने आवाज काढले. वीस वर्षांचे. कुठेतरी, कशात तरी दादाचा श्वास असेलच. तो प्रत्येक आवाजाच्या मागे उभा होता. जे सापडलं ते असं : दृश्य चार, टेक दोन. दृश्य एकतीस, टेक सात. त्याचे हे शब्द सुरुवातीला असत आणि ते तिने दर वेळी कापून टाकलेले. शेदोनशे ठिकाणी कापायचे राहून गेले होते. त्यांच्या मागचे श्वास मात्र साफ पुसलेले होते, आणि कपाटातल्या डिस्क चित्रपट लागला की रिकाम्या करून पुढच्या चित्रपटाला घेत. तिचं काम चोख होतं.

उरल्या शांतता. प्रत्येक जागी शूटिंग संपलं की सगळ्यांना हलू नका म्हणून सांगायचं आणि अर्धा मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची, ही या धंद्यातली रीत. पुढे संवादांमधली भोकं बुजवायला ती लागते. तिच्याकडे अशा हजारेक शांतता होत्या आणि त्या कधीच साफ करायच्या नसतात. जिन्याची, रिकाम्या वर्गाची, मासळी उतरवतात त्या गोदामाची, पाणी सोडलेल्या तलावाची. प्रत्येक वेळी माइकच्या सर्वांत जवळ दादा उभा होता.

तीन दिवस ती शांतता ऐकत बसली. डोळ्यांत तेल घालून बघतात तसं कानांत प्राण आणून. दूरचा कुत्रा सापडला, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर सापडली, एकदा मास्तरांची जांभई. दादा कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कारण कळलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून बसून राहिली. चांगला ध्वनिमुद्रक शांतता टिपताना स्वतःचा श्वास रोखतो. त्याचा श्वास त्या जागेचा नसतो ना. एवढ्या सगळ्या शांततांमध्ये तो होता, आणि प्रत्येक ठिकाणी श्वास रोखून उभा होता.

तिसऱ्या दिवशी एक सापडला. चौदा वर्षांपूर्वीचा, एका लांब व्हरांड्यातला. अर्धा मिनिट झाल्यावर त्याला मशीन बंद करायला किंचित उशीर झाला असावा. अगदी शेवटी रोखलेला श्वास सुटला होता. सव्वा सेकंद. टोकाला ती शिट्टी, तेव्हाची बारीक, आणि ती पुरी व्हायच्या आतच आवाज तुटला होता.

त्याच्या तिने आधी दोन प्रती केल्या.

मग ती मास्तरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. दवाखान्याचं, फोनचं, बारा मिनिटांचं काही सांगितलं नाही. मी कळ दाबली, दुसरी प्रत नव्हती, एवढंच. मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले. त्यांनी ओरडावं असं तिला फार वाटत होतं.

"कात्रीला कान नसतात," शेवटी ते म्हणाले. मग आपलंच बोलणं ऐकल्यासारखं करून त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. "जा. बघू काय होतं ते."

त्यांनी एक नट आणला. नाटकात म्हाताऱ्यांची कामं करणारा, भला माणूस. दातांच्या फटीतून त्याने हुबेहूब शिट्टी काढली. गाद्यांच्या खोलीत, त्याच हेल्मेटमध्ये. ती या वेळी दार धरायला गेली नाही. त्याचा श्वास एका बाजूला, तिचा दुसऱ्या बाजूला ठेवून तिने ती चार मिनिटं बांधली. जिथे पहिला माणूस टक् असा आवाज ऐकून श्वास रोखतो, त्याच्या आधीचा शेवटचा उच्छ्वास तिने नटाचा काढला आणि तिथे दादाचा सव्वा सेकंद ठेवला. अख्ख्या चित्रपटात तेवढाच. शिवणीत एक टाका वेगळ्या धाग्याचा घालावा तसा. कुणाला कळणार होतं?

खोलीत काळोख करून मास्तर ऐकायला बसले. डोळे मिटून. टेबलावर ठेवलेलं त्यांचं बोट श्वासाबरोबर हलत होतं, हे तिला मशीनच्या मिणमिणत्या दिव्यात दिसलं. अडीच मिनिटांनी बोट थांबलं.

"इथे खोली बदलते," ते म्हणाले.

तिने आवाज थांबवला.

"हेल्मेटमधला माणूस एकदम मोठ्या जागेत येतो. घुमतंय मागे. व्हरांडा आहे का हा?" मग त्यांच्या लक्षात आलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मलाही पाहिजे होता तो. पण प्रेक्षक नेमका इथे त्याच्या अंगाला चिकटून बसलेला आहे. इथे खोली बदलली की त्याला कळेल हे सगळं खोटं आहे. काढ."

ते बरोबर होते. तीही त्यांच्या जागी असती तर हेच म्हणाली असती. त्यांच्या आधी म्हणाली असती. तिने सव्वा सेकंद उचलला आणि नटाचा श्वास जागेवर ठेवला. मास्तरांनी पुन्हा सगळं ऐकलं. दुसरा श्वास सुरू राहिला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आल्याचं तिला दिसलं.

"चालेल," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी चित्रपट लागायची तारीख जवळ आली, तेव्हा तिला आईला सांगणं भाग होतं. आई पलंगावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. शिवण हाताला लागली की ती बाजू आत घालायची, अशी तिची रीत. लेक समोर बसली आणि तिने सांगून टाकलं.

"म्हणजे त्यात तो नाही," आई म्हणाली.

"नाही."

"कुणी काढलं?"

"मी."

"केवढं होतं?"

"अकरा मिनिटं."

आईने हातातला अभ्रा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. तिने फोनवर तो सव्वा सेकंद आणला होता. आईच्या कानाशी धरून लावला.  आई म्हणाली, परत लाव. तिने परत लावला. परत लाव. असं किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही. आईची मान प्रत्येक वेळी जराशी पुढे येई, कपाटाचं दार उघडायच्या आधी यायची तशी, आणि आवाज तुटला की तिथेच थांबे.

"बास," आई म्हणाली. "झिजेल तो."

त्यानंतर आई तिच्याशी बोलली नाही. भांडण नव्हे, पाणी दे, दार लाव, कोण आलंय, एवढं बोलायची. रात्री दिवा घालवताना तिने "आई, झोपलीस?" म्हटलं तर उत्तर यायचं नाही, पण झोपलेली नाही हे श्वासावरून कळायचं. तिला वाटायचं आईने एकदा तरी म्हणावं, तुझ्याकडून हे कसं झालं. मग ती काही सांगू शकली असती. की काहीच सांगू शकली नसती? देवासमोर बसली की तिच्या तोंडी क्षमा कर हे शब्द यायचे आणि पुढे कुणाकडे बघून म्हणायचे ते कळायचं नाही. दादा दोन बोटं दाखवून गेला होता. त्याला तर कळलंच नव्हतं. ज्याला कळलंच नाही तो क्षमा कसा करणार?

मास्तरांनी दोन तिकिटं पाठवली होती, मधल्या रांगेची. तिने ती टेबलाच्या खणात, जुन्या चिठ्ठ्यांच्या खाली ठेवून दिली. आपण जायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. काळोखात बसून स्वतःचाच श्वास ऐकायचा, ज्याच्या शेजारी तो असायला हवा होता तिथे एक परका माणूस, आणि सगळं थिएटर घाबरणार. चांगलं जमलंय म्हणणार. ते जमलेलंच होतं.

चित्रपट लागला त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेरच्या खोलीत काठी जमिनीला टेकल्याचा आवाज आला, मग पुन्हा. ती हात पुसत बाहेर आली. आई दारापाशी उभी होती. बाहेर जायचे कपडे घातलेले, केस पाण्याने चापून बसवलेले, पायांत चपला. गळ्याशी बटण चुकून एक घर खाली लागलं होतं.

"किती वाजता आहे?" आई म्हणाली.

"तीनला." ती दोन पावलं पुढे आली. "आई, त्यात तो नाहीये. मी सांगितलं होतं ना."

"ऐकलंय मी. आंधळी आहे, बहिरी नाही."

"मग कशाला जायचं?"

आई दाराची कडी चाचपडत होती. ती सापडली तेव्हा तिच्यावर हात ठेवून थांबली.

"त्याला हो म्हटलंय मी," ती म्हणाली.

कडी काढून ती बाहेर पडली. हात पुढे केला नाही, मागे कुणी येतंय का त्याचा कानोसा घेतला नाही. कठड्याला धरून पायऱ्या मोजत उतरू लागली. एक, दोन, तीन, ओठांतल्या ओठांत. लेकीने खण उघडला, चिठ्ठ्यांच्या खालून तिकिटं काढली, अजून ओलसर असलेल्या हातांनी त्यांचा कोपरा भिजला. दार ओढून घेऊन ती खाली आली तेव्हा आई पहिल्या वळणावर उभी होती. चढण नव्हती, उतरणच होती, तरी आईला धाप लागली होती.

ती आईच्या दोन पायऱ्या वर थांबली. त्यांच्यामध्ये काही वेळ फक्त ती धाप होती.

"मधली रांग म्हणाला होता ना?" आईने विचारलं.

"हो."

आईने मान हलवली आणि खालच्या पायरीवर काठी टेकवली.